शिंगाची नळी

माझ्या नवऱ्याने आयुष्यात एकदाही सिगारेट ओढलेली नाही. त्याला उदबत्तीच्या धुरानेसुद्धा ठसका लागतो. तरी नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या आमच्या घरात, जिथे डाळींच्या डब्यांना जागा नाही, तिथे एक अख्खं कपाट तंबाखू ओढायच्या जुन्या पाइपांचं आहे. जुन्या बाजारातून पाइप आणायचा आणि भिंग लावून त्याचं जन्मसाल काढायचं, हा त्याचा रविवार. चांदीच्या कड्यावरचा शिक्का बघताना तो जितका गंभीर होतो, तितका आमच्या पत्रिका बघणारे गुरुजीही झाले नव्हते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या पाइपांवर मात्र त्याचा राग आहे. तेव्हा भूमध्य समुद्राकडून येणारं खास लाकूड यायचं बंद झालं, नळीसाठी लागणारं रबर मिळेना, चांदी तर दिसेनाशीच झाली. मग लोकांनी चेरीच्या लाकडाला शिंगाची नळी लावून भागवलं. कडंच नाही, तर शिक्का कुठला आणि साल कुठलं? "यांचा काही पत्ताच लागत नाही," असं तो चिडून म्हणतो, जणू त्या माणसांनी याची गैरसोय व्हावी म्हणूनच ते केलं होतं.

शेजारच्या डच आजींकडे असाच एक पाइप होता, त्यांच्या वडिलांचा. त्यांची थोरली बहीण वृद्धाश्रमात असते. हल्ली ती आजींना ओळखत नाही. पाइप तेवढा ओळखते. म्हणून आजी भेटायला जाताना फुलांऐवजी पाइप नेतात. तो हातात आला की ती "बाबांचा" म्हणते, आणि मग थोडा वेळ त्या दोघी बहिणी असतात. त्याची नळी सैल होऊन सारखी निसटायला लागली, तेव्हा आजी माझ्या नवऱ्याकडे आल्या. रविवारी बहिणीला कॉफीला घरी आणायचं होतं, तोवर नळी घट्ट करून हवी होती.

नुसतं घट्ट करणं आमच्या तज्ज्ञांना कसं शोभणार? त्याने ती वेडीवाकडी नळी काढून काळी चकचकीत नळी बसवली, आपल्या साठ्यातलं चांदीचं कडं चढवलं आणि लाकडाला मेण घासलं.

"तुला घट्ट करायला सांगितलं होतं, बोहल्यावर उभा करायला नाही," मी म्हटलं.

"अगं, युद्ध नसतं तर तो असाच असता."

रविवारी आम्हालाही बोलावणं होतं. आजींच्या बहिणीने पाइप हातात घेतला, फिरवून बघितला आणि अगदी सभ्यपणे माझ्या नवऱ्यापुढे धरला. "छान आहे. तुमचा का?"

आजी कॉफी ओतायला उठल्या. कप भरलेलेच होते. मला फार वाईट वाटलं. नवऱ्याला चांगलं फैलावर घ्यायचं मनात होतं, पण त्याचा चेहराच इतका उतरला होता की जमलं नाही.

"जुनी नळी टाकलीस?" मी मराठीत विचारलं.

"नाही. खिडकीत आहे."

पुण्यात वाढलेल्या माणसाला कचराही विचार करूनच टाकावा लागतो. शिंग ओल्यात जातं की सुक्यात, हे त्याचं ठरत नव्हतं. खेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, वेबसाइटवर शिंगाचा उल्लेख नव्हता. म्हणून ती नळी कोथिंबिरीच्या कुंडीला टेकून निकालाची वाट बघत होती. त्याच्या या चिकित्सेला मी इतकी वर्षं नावं ठेवत आले, त्या दिवशी मात्र मनातल्या मनात हात जोडले.

तो धावत जाऊन नळी घेऊन आला, नवी नळी आणि कडं उपटलं आणि टोकाला कागद गुंडाळून जुनी बसवली. बहिणीने या वेळी पाइपकडे बघितलंसुद्धा नाही. तिचा अंगठा आपोआप नळीच्या वाकड्या भागावर गेला.

"बाबांचा," ती म्हणाली. मग आजींकडे वळली. "बाबांनी आईच्या छत्रीची मूठ कापून केली ही नळी. तू पाळण्यात होतीस. आई हिवाळाभर भिजत चर्चला जायची आणि छत्री शेजारणीनेच चोरली असं समजून तिच्याशी बोलायची नाही."

आजींनी हे कधी ऐकलेलं नव्हतं. त्या हसता हसता डोळे पुसायला लागल्या. अशा वेळी तरी गप्प बसावं, पण सवय जाते कुठे? नवऱ्याने विचारलंच, "कुठल्या सालचा हिवाळा?"

"छत्री नव्हती तो," बहीण म्हणाली.

मग तिने पाइप आजींच्या हातात ठेवला, त्यांची बोटं त्यावर मिटवली आणि दाराकडे बघत हळूच म्हणाली, "आईला सांगू नकोस हं."