वावर, बांध आणि माझा अंगठा

क्रांती चौकात उजव्या पायातली चप्पल निघाली आणि मी तशीच अर्धा रस्ता ओलांडून गेले. मागून रिक्षावाला ओरडला, "ओ बाई, चप्पल राह्यली की!" मला कळलं. पायाला कळलंच नव्हतं.

थॅलेसेमिया मला जन्मापासूनचा. सौम्य जातीचा, म्हणून मीही त्याला फारसा मान दिला नाही. डॉक्टरीणबाई रक्त भरून घे म्हणायच्या आणि मी पुढच्या महिन्यावर ढकलायचे. चपलेनंतर एमआरआय झाला, त्यात पाठीच्या मणक्यांलगत गाठ निघाली. गाठ म्हटल्यावर आईनं पदर डोळ्यांना लावला.

"तसली गाठ नाही ही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होतं. हिचं तिथं भागेना, म्हणून शरीरानं हाडाबाहेरच रक्त बनवायला घेतलंय."

वडिलांनी मान डोलावली. "मंजी वावर पुरंना, म्हनून बांधावर पेरलं."

"अगदी तसंच. पण आता ते शेजारच्या मज्जारज्जूवर दाबतंय."

"बांध कोरला म्हना की!" वडील खुर्चीच्या कडेला आले. वीतभर बांधासाठी भावकीशी भांडत त्यांनी निम्मं आयुष्य तहसीलीत काढलंय. या विषयात त्यांचा अधिकार डॉक्टरीणबाईंपेक्षा मोठा. एमआरआयला ते मोजणीच म्हणाले, वर शेजाऱ्याला नोटीस दिली होती का, तेही विचारलं. बाईंनी हसून चष्मा पुसला.

"मग मॅडम, यावर विलाज काय?"

"बाहेरून रक्त देत राहायचं. आत पुरेसं झालं की बाहेरचं पीक ओसरतं. उशीर केला तर पाय जातील."

मीही हसत होते, ती थांबले. लई घाबरले.

रक्त चढायला लागलं. वडील रोज सकाळी माझ्या उजव्या अंगठ्याला चिमटा काढत. "कळतंय का?" मी त्यांच्या हाताकडे बघून "व्हय" म्हणायचे. चार दिवसांत त्यांनी माझी लबाडी ओळखली आणि डोळ्यांवर टॉवेल टाकायला सुरुवात केली. मग मी अंदाजानं व्हय म्हणू लागले. ते टॉवेल काढून घडी घालत.

तिसऱ्यांदा रक्त चढल्यावर एका सकाळी त्यांनी टॉवेल टाकला आणि मी किंचाळले, "आई गं! नखं तरी काढा की हो!"

चिमटा सुटेना. मी सोडा सोडा म्हणून ओरडत होते, आणि वडील अंगठा तसाच धरून ढसाढसा रडत होते.