धर्मयुद्धांच्या काळात पोहणं का बंद पडलं

मुलगी पुण्याला गेल्यापासून आमचे रविवारचे फोन दोन मिनिटांत आटपायचे. ‘जेवलीस का?’ ‘हो. तू?’ ‘हो.’ की लगेच ‘चल, ठेवते.’ इतिहासाचं एम.ए. अर्धवट सोडून तिने एका गेम बनवणाऱ्या कंपनीत जुन्या इमारती रेखाटायची नोकरी धरली, तेव्हा मी म्हणाले होते, ‘खेळणी करायला शिकवलं का एवढं?’ जयपुरातल्या कॉलेजात जन्मभर इतिहास शिकवलेल्या बाईच्या तोंडून ते सहज निघून गेलं. तिने मात्र ते धरून ठेवलं. ही एक दिवस माझ्याशी बोलायचीच बंद होईल, अशी भीती मला वाटायला लागली होती.

गेल्या खेपेला जाताना ती आपली गेम खेळायची दोन मशिनं, एक जुनं आणि एक नवं, टीव्हीखाली ठेवून गेली. सोबत एकाच मालिकेच्या डिस्कची चळत. "आई, खेळून बघ ना. मतलब, पूरे नको, थोडे थोडे. मग सांग, कोणता आवडला."

मी लगेच वही काढली आणि गुणांचे रकाने आखले. स्वभावाला औषध नाही. मालिकेतल्या प्रत्येक गेममध्ये एक मारेकरी, एक जुनं शहर, भिंती चढणं आणि छपरांवरून पळणं. मग क्रम कसा लावायचा? मला त्यात शंकाच आली नाही. कव्हरं वाचून मी काळाप्रमाणे डिस्क लावल्या: आधी ग्रीस, मग इजिप्त, मग धर्मयुद्धं, मग इटली. इतिहास दुसरा कुठल्या क्रमाने शिकतात?

मे महिन्याच्या दुपारी जयपुरातल्या मानसरोवर भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये कूलर लावून मी ग्रीसमध्ये उतरले. कड्यावरून समुद्रात उडी मारली, बुडी घेतली, वर आले. पुतळे रंगीत होते. मूळचे पुतळे रंगवलेले असत हे मी वर्गात ओरडून सांगायचे आणि कोणाला पटायचं नाही. इथे ते समोर उभे होते. पैकीच्या पैकी गुण दिले. इजिप्तही छान, फक्त नाईलमध्ये मगरी फार.

मग धर्मयुद्धं आली आणि माझा गोंधळ उडाला. माणसांचे चेहरे एकाएकी ओबडधोबड झाले. एकच भिकारीण प्रत्येक चौकात आडवी येऊ लागली. बंदरावर मी सवयीने पाण्यात उडी मारली, तर नायक मेला. पुन्हा मारली, पुन्हा मेला. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणून मी स्वतःलाच दोष दिला, पण तिसऱ्यांदाही तेच झालं. ग्रीसमध्ये माशासारखे पोहणारे हे लोक सोळाशे वर्षांत पोहणं विसरले कसे? मी कपाटातून पुस्तकं काढली. मध्ययुगात आंघोळीवरच बंदी आली का, वगैरे दोन पानं लिहिली. इटलीत नायक परत पोहू लागला तेव्हा समासात लिहिलं, ‘प्रबोधनकाळ: पोहण्याचं पुनरुज्जीवन.’ त्यातून प्रत्येक खेळाच्या गोष्टीत मध्येच आजच्या काळातली माणसं यायची. एका खेळात जो मेल्याचं कळलं, तो पुढच्यात ठणठणीत हिंडत होता. जुना काळ नव्या मशिनात आणि नंतरचा काळ जुन्या मशिनात, यावरून तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

त्याच आठवड्यात भाचीच्या लग्नासाठी लाखेच्या बांगड्या घ्यायला मेट्रोने चारदीवारीत, तटाच्या आतल्या जुन्या शहरात गेले. दुकानाबाहेर सहज वर बघितलं आणि बघतच राहिले. पत्र्याच्या छपरावरून सज्जा, सज्ज्यावरून जाळीची खिडकी, तिथून गच्ची. माझी नजर आपोआप हातापायांना आधार शोधत होती. "मैडमजी, तबीयत ठीक है?" दुकानदाराने विचारलं.

रविवारी फोनवर जेवणाची चौकशी झाल्यावर मी घाईघाईने माझा पोहण्याचा सिद्धांत मांडला. मग ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"आई! धर्मयुद्धवाला सबसे पहिला बनवला आहे. त्यांना तेव्हा पोहणं बनवताच नाही आलं. ग्रीस तर किती साल नंतरचा आहे!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं मुलांना सांगत आले, इतिहासाचं साधन कोणत्या काळात तयार झालं ते आधी बघा. आणि मीच ते बघितलं नव्हतं.

"मग कोणता आवडला?" तिने विचारलं.

"आता काहीच सांगता येत नाही बाई. सगळे गुण परत द्यावे लागतील." पुढे ‘चल, ठेवते’ येणार म्हणून मी भीत भीत आपल्या नेहमीच्या बांगडीवाल्याच्या दुकानावरचा तो रस्ता सांगून टाकला. पत्रा, सज्जा, जाळी.

"नाही, तो सज्जा तुटेल," ती लगेच म्हणाली. "बाजूला पाइप आहे ना, मी नेहमी त्याच्यावरून जायचे."

"नेहमी?"

"छोटी होते तेव्हा. तू बांगड्या बघायचीस, मी मनात चढायचे."

आणि मी तिचा दंड धरून ओढायचे. वर काय बघतेस, समोर बघून चाल. दर वेळी.

"वर पोचल्यावर काय दिसायचं?" मी विचारलं.

"तू दिसायचीस. खाली. मला ढूंढत."

मी परत विचारलं, "जेवलीस का?"

"नाही गं. मघाशी असंच हो म्हटलं," ती म्हणाली. "थांब, फोन ठेवू नकोस. ताट वाढून आणते."