दोन जावा

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात येणारी पोरं तिला जावाबाई म्हणत. ठोकळे रचून घरं उभारायचा तो गेम बंद पडला की कॉम्प्युटर तिच्याकडेच यायचा. गेम चालायला जावा नावाचा प्रोग्रॅम लागतो. तो एकाच मशीनवर जुना आणि नवा असा दोनदा दिसला, की ती ठसक्यात सांगायची, "एका घरात दोन जावा नांदत नाहीत बाबा, एक काढ!" मागे बिलं करत बसलेली तिची धाकटी जाऊ यावर दरवेळी खो खो हसायची. दोघींचं असं गूळपीठ होतं की नवऱ्यांनाच परकं वाटावं.

धाकटी गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. थोरलीच्या डोळ्यांतून टिपूसही आलं नाही. ती दुकान उघडायची, स्क्रू काढायची, स्क्रू लावायची. बाई दगड आहे, असं लोक म्हणाले. तिलाही ते पटू लागलं होतं.

एका दुपारी दीर धाकटीचा कॉम्प्युटर घेऊन आला.

"वहिनी, तिने गेममध्ये बांधलेलं गाव उघडत नाहीये. आईचं गाव कुठे गेलं, असं पोरगी सारखी विचारते."

"काय केलंत, भाऊजी?"

"दोन जावा दिसल्या. तुमचंच वाक्य आठवलं. जुनी काढून टाकली."

थोरलीला ते कुठेतरी लागायला हवं होतं. लागलं नाही. गाव जुन्या जावावर बांधलेलं, ते नवीला कसं उघडणार? त्यात दिराने उदार होऊन मशीनची सगळी मेमरी गेमला देऊन टाकलेली. मशीन चालायला काही उरलंच नव्हतं.

"उघडेल ना?"

"आतून बिघडलं नसेल तर."

तिने आधी गावाची एक प्रत बाजूला काढली. जुनी जावा परत घातली, नवीही राहू दिली, गेमला जुनी दाखवून दिली. मेमरी निम्म्यावर आणली.

गाव उघडलं. दीर तोंड फिरवून रडला. ती नुसती पडद्यावरच्या गल्लीतून पुढे जात राहिली. टोकाला तिचंच दुकान होतं, दारावर तिला ताई म्हणणाऱ्या धाकटीने लावलेली पाटी: "ताई जेवायला गेल्या आहेत. थांबा."

तिने पाटी वाचली. पुन्हा वाचली. आत काहीच हललं नाही, आणि त्याचंच तिला फार वाईट वाटलं.

इकडे खऱ्या दुकानाच्या दारात दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती.

"जरा थांबा," ती म्हणाली, "मी जेवून येते."

भूक मुळीच नव्हती.