सावधान उभं राहून पाहिलेलं जुन्नर

नारायणगावात गाडी थांबवली तेव्हा सकाळचे साडेआठ झाले होते आणि द्राक्षबागांवर अजून धुकं होतं. बाबा जाऊन दोन महिने झाले होते. घरात सगळे भिंतीकडे बघत बसतात, त्यापेक्षा मुक्ताला देशाचा इतिहास दाखवू, असं काकांनी ठरवलं. मुक्ता माझी मुलगी, अकरा वर्षांची. ती, मी, माझी बायको सुनंदा आणि बाबांचे धाकटे भाऊ काका, असे चौघे निघालो होतो. शिवनेरी, नाणेघाट, आणि परतताना निरगुडसर.

निरगुडसरला किल्ला नाही. तिथे अण्णा राहतात, फौजेत बाबांबरोबर उमेदीची वर्षं काढलेले. बाबा गेले तेव्हा अण्णा हृदयाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते, म्हणून त्यांच्या मुलाने त्यांना काही कळू दिलं नव्हतं. आता ते घरी आले होते. सांगायचं काम थोरला म्हणून माझ्याकडे होतं. मी ग्रंथपाल आहे. लोकांना हळू बोला म्हणण्यापलीकडे मला फारसं बोलावं लागत नाही.

बाबांचा फोन माझ्या खिशात होता. त्याची रिंग म्हणजे राष्ट्रगीत. ते वाजलं की बाबा असतील तिथे सावधान उभे राहत, थांबलं की मग आपल्या सवडीने उलटा फोन करत. ओळखीच्यांना ही पद्धत पाठ होती. रिंग बदलू, असं मुक्ता म्हणाली होती, तर काका दिवसभर तिच्याशी बोलले नव्हते.

मिसळीचा पहिला घास घेतला आणि फोन वाजला. काका ताडकन उभे राहिले. मग आम्ही. मग शेजारचं टेबल, मग गल्ल्यावरचे शेठ, मग हातात रश्श्याचं भांडं घेतलेला वाढपी. एका गृहस्थांच्या तोंडात पाव होता, तो त्यांनी चावायचा थांबवला. रिंग मध्येच तुटली, तरी बसायचं की नाही हे कोणालाच कळेना. पडद्यावर अण्णांचं नाव होतं. उलटा फोन मी केला नाही.

शिवनेरीच्या पायऱ्या चढताना सात दरवाजे लागतात. काका प्रत्येक दरवाजात मुक्ताला थांबवून माहिती सांगत होते आणि ती दगडांच्या सांध्यांतल्या मुंग्या बघत होती. पाचव्या दरवाजाशी फोन वाजला. पुढे सहलीला आलेली कॉलेजची मुलं होती, ती जागच्या जागी थिजली. कोणाचा एक पाय वरच्या पायरीवर, कोणाचा खालच्या. काकांच्या हातात पेरूची पिशवी होती. एक माकड शांतपणे तटावरून उतरलं, त्याने पिशवी त्यांच्या बोटांतून सोडवून घेतली आणि त्यांच्यासमोरच बसून पेरू निवडायला लागलं. काकांच्या कपाळावरची शीर फुगली, पण हात मांडीला चिकटलेलेच राहिले.

काकडी विकणाऱ्या एक आजी तेवढ्या बसून होत्या. रिंग थांबल्यावर त्यांनी मला विचारलं, "पावणं, फोन उचलीत का नाय तुमी?"

राष्ट्रगीत आहे, उभं राहावं लागतं, असं मी सांगितलं.

"आन पलीकडं कुनी अडलं असंल तर?"

काकांनी आजींकडून चार काकड्या घेतल्या आणि विषय संपवला. वर शिवजन्मस्थानाच्या दाराशी त्यांनी डोळे पुसले. मलाही भरून आलं, पण ते नेमकं कशाने, हे मला सांगता येणार नाही.

मुक्काम जुन्नरला केला. रात्रीच्या जेवणात मासवडी होती (बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून केलेली वडी). सुनंदाने हळूच विचारलं की उद्या अण्णांना नक्की सांगणार ना. मी रस्सा छान आहे म्हणालो.

सकाळी नाणेघाटात पोचलो आणि फोनची रेंज गेली. काय वारा होता तिथे! गुहेतल्या ब्राह्मी लेखाच्या ओळींवरून मी दगडाला न टेकवता बोट फिरवलं. दगडी रांजणात मुक्ताने आपलं नाव ओरडून बघितलं. दोन तास फोन वाजला नाही आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा माझी पाठ सैल झाली. मग लक्षात आलं की कालपासून उभं राहण्यात मला सोय वाटत होती. सावधान उभ्या माणसाला कोणी भेकड म्हणत नाही.

निरगुडसरला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. अण्णा अंगणात बाजेवर (दोरीने विणलेल्या खाटेवर) बसले होते. पाठ आमच्याकडे आणि फोन अगदी डोळ्यांजवळ. मी हाक मारणार, तोच माझ्या खिशात राष्ट्रगीत सुरू झालं.

अण्णा वळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या खिशाकडे पाहिलं. मग बाजेचा खूर धरून, छातीवर एक हात दाबत, ते उठले आणि सावधान उभे राहिले. आम्हीही उभे होतोच. रिंग तुटली, तशी त्यांनी पुन्हा लावली.

दुसऱ्यांदा थांबल्यावर ते म्हणाले, "कवा?"

"दोन महिने झाले अण्णा," मी म्हणालो. मग सगळं सांगितलं, सकाळचा चहा, दुखणं, रिक्षा, सगळं. मला इतकं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

ते बराच वेळ बाजेची दोरी चाचपत राहिले. मग काकांना विचारलं, "तुमी बी उभं ऱ्हाता व्हय, फोन वाजला की?"

दादाची शिस्त आहे, काका म्हणाले.

"कशाची शिस्त राव. त्याला फोनवर बोलायचा लई कंटाळा. म्हनायचा, अण्णा, ह्ये लावलं की उचलावं लागत नाय, आन कुनाला राग बी येत नाय."

सुनंदाला आधी हसू आलं. मग अण्णांना आलं, ते टाक्यांवर हात दाबून हसले आणि हसता हसता रडले. काका मात्र चहाची बशी हातात धरून बसून राहिले.

गाडी मंचरकडे निघाल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे दादाचं ते खोटं होतं?"

मी विचार करून सांगितलं की फोन वाजताना बंद खोलीत एकटेच सावधान उभे राहिलेले बाबा मी दाराच्या फटीतून पाहिले आहेत. नुसतं टाळायचं असतं तर तिथे बसूनही चाललं असतं. देशावरचं प्रेम आणि फोनचा कंटाळा एकाच माणसात राहू शकतात. माझ्या उभं राहण्यात मात्र या दोन्हींतलं काही नव्हतं, नुसती भीती होती.

मंचरच्या अलीकडे फोन वाजला. अनोळखी नंबर होता. काकांनी सीटबेल्टच्या पट्ट्यात अडकलेली पाठ जमेल तितकी ताठ केली, हात गुडघ्यांवर ठेवले आणि समोर बघत म्हणाले, "उचल."

मी उचलला. पलीकडच्या माणसाने बाबांना हाक मारली. मी त्यांचा मुलगा बोलतोय, असं म्हणालो, आणि पुढचं सांगितलं.