मेमे फुंचोकचा फ्लॉवर

लेहमध्ये आमच्या शेजारचे मेमे, म्हणजे आजोबा, फुंचोक तीस वर्षं लेह-मनालीच्या रस्त्यावर ट्रक चालवून घरी बसले आणि त्यांना फ्लॉवरचं वेड लागलं. त्याला कारण त्यांचा नुब्रा खोऱ्यातला मेव्हणा ग्याल्सन. मेमेंना तो अचो, म्हणजे दादा, म्हणतो. तो म्हणाला होता, "अचो, हिवाळ्यात पालकापर्यंत ठीक आहे. जानेवारीत फ्लॉवर? जास्त उडू नका."

झालं! मेमेंनी आपल्या अंगणातल्या ग्रीनहाऊसच्या मातीच्या दुहेरी भिंतींत पेंढा कोंबला. उन्हाच्या बाजूला प्लॅस्टिकच्या आत, चार बोटं सोडून, दुसरं प्लॅस्टिक ताणलं. डिझेलची पिंपं काळी रंगवून पाण्यानं भरली. दिवसा तापायची, रात्रभर ऊब द्यायची. तरी सकाळी फ्लॉवरची पानं पापडासारखी कडक. मग घरातल्या रजया निघाल्या, गालिचे निघाले. सूर्य डोंगराआड गेला की मेमे ग्रीनहाऊसला पांघरूण घालायचे, अगदी तान्ह्या बाळासारखं.

त्यांची बायको आबी, म्हणजे आजी, यांगडोल हे सगळं चालवून घेत होती. पण एका लग्नाच्या दिवशी सकाळी तिचा आवाज गल्लीभर घुमला.

"मेमे, माझा गोन्चा कुठाय?"

"आहे की. कामावर गेलाय."

आबीचा लोकरी झगा ग्रीनहाऊसच्या छपरावर पालथा पसरला होता, दोन्ही बाह्या लोंबत होत्या. काढला तर दारासारखा ताठ! घडीच होईना.

"बायको गारठली तरी चालेल, फ्लॉवरला पडसं नको!" असं म्हणून आबी मेमेंचं ट्रकवरचं जाकीट घालून लग्नाला गेली. परत आली ती थेट ग्रीनहाऊसमध्ये. "जिथं माझं पांघरूण, तिथं मी." शेगडी आली, धुराडं भिंतीतून बाहेर काढलं, चहाची किटली आली. तिसऱ्या दिवशी मी विणकाम घेऊन गेले. आठवड्यात अर्धी गल्ली आत. बाहेर उणे बावीस आणि आम्ही बाह्या सरसावून गप्पा मारतोय!

फ्लॉवरचे गड्डे आधी खूष झाले. मग त्या उबेनं जरा जास्तच खूष झाले. गड्ड्यांच्या मुठी उघडल्या, दांड्यांची बोटं वर चढली आणि एके दिवशी सगळ्यांवर पिवळी फुलं! आता भाजी कसली?

मेमे डोक्याला हात लावून बसले. "थंडीपासून वाचवलं गं, पण तुमच्यापासून कोण वाचवणार?"

"आम्ही काय केलं? चहाच तर प्यायलो," आबी म्हणाली.

नेमका दुसऱ्या दिवशी ग्याल्सन हजर. टोमणा येणार म्हणून मेमे मान खाली घालून उभे. ग्याल्सननं मात्र टोपी काढली, वाकून वास घेतला. बराच वेळ वाकलेलाच.

"अचो, ऑक्टोबरपासून फूल बघितलं नव्हतं हो."

मेमेंची छाती अशी फुगली की प्लॅस्टिक फाटेल असं मला वाटलं.

ग्याल्सन दोन दिवसांसाठी आला होता. नऊ दिवस झाले, फुलांशेजारी गादी टाकून लोळतोय, शेवयांच्या गरम थुक्प्याच्या वाट्यांवर वाट्या रिचवतोय. दहाव्या दिवशी आबीनं शेगडी उचलली आणि घरात नेली. तासाभरात पाहुणा बूट बांधायला लागला.

मेमेंनी त्याच्या हातात एक फुललेला गड्डा ठेवला. "घे. आणि नुब्र्यात सगळ्यांना दाखव."