एकमेकांसाठी घेतलेली

लिहिणं हा माझा प्रांत नव्हे. पण आमच्या हिच्याबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि घरात दुसरं कोण आहे?

ही मुलांच्या वसतिगृहाची रेक्टर होती. आमचं बिऱ्हाड तळमजल्यावरच. अंगाने काडी, पण दांडगट पोरंही हिच्यापुढे सुतासारखी सरळ.

एका रविवारी दुपारी पहिल्या वर्षाचा एक मुलगा गच्चीवर ओकताना सापडला. दारू. नियमाप्रमाणे खोली सोडायची. पोरगा लांबच्या गावचा; खोली गेली की कॉलेजही सुटणार. त्याला सगळे घुम्या म्हणत.

हिने त्याला आमच्या स्वयंपाकघरात बसवलं, पाणी दिलं.

"आवडते का रे?"

"नाही. कडू लागते."

"मग ढोसतोस कशाला?"

"बाकीचे घेतात. माझ्यामुळे त्यांचा बेरंग नको."

मला वाटलं, आता ही तडकणार. हिने त्याच्या खोलीतल्या तिघांना बोलावलं, तेही एकेकाला. मी भांडी पुसत कोपऱ्यात.

लंबू म्हणाला, "मॅडम, मला वासानंच मळमळतं. पण घुम्या प्यायल्याशिवाय तोंडच उघडत नाही. त्याच्यासाठी आणतो."

चष्मेवाला म्हणाला, "लंबू एवढ्या हौसेनं आणतो, नाही कसं म्हणायचं?"

तिसरा म्हणाला, "मी कुंडीत ओततो."

"तरीच ते झाड वाळलं," ही म्हणाली.

मग चौघांना समोरासमोर बसवून म्हणाली, "मला सांगितलंत तेच आता एकमेकांना सांगा."

कुणी बोलेना. मला तर तिथून पळून जावंसं वाटलं. पण ही शांत. ना रागावली, ना कुणाला टोकलं. शेवटी लंबू बोलला, मग चष्मेवाला.

घुम्या बघतच राहिला. "म्हणजे माझ्यासाठी आणायचात?"

"मग काय, आमची हौस?"

"अरे गाढवांनो, मी तुमच्यासाठी पीत होतो."

दुसऱ्या दिवशी हिने प्राचार्यांना काहीही न लपवता सांगितलं. वर म्हणाली, "काढायचं तर चौघांना काढा. ठेवलंत तर जबाबदारी माझी." प्राचार्यांनी ताकीद देऊन चौघांना ठेवलं.

त्या संध्याकाळी ही बराच वेळ घरात दिसेना, म्हणून मी जिन्याकडे गेलो. वरच्या खोलीत घुम्या त्याच्या गावाबद्दल काहीतरी सांगत होता, अडखळत, पण सांगत होता. ही जिन्यात उभी होती. चपला हातात. मला बघून हिने ओठांवर बोट ठेवलं.