टोपीमास्तरांचं माप

कारखान्यात सगळे त्यांना टोपीमास्तर म्हणत. तिथे कृत्रिम हातपाय बनत, पाठीचे पट्टे बनत, पण मास्तरांचं टेबल फक्त तान्ह्या बाळांच्या टोप्यांचं. एकाच कुशीवर झोपून झोपून ज्या बाळाचं डोकं मागून चपटं झालंय, त्याला घालायची टणक प्लास्टिकची टोपी. दिवसाचे तेवीस तास डोक्यावर, तासभर अंघोळीपुरती बाहेर. "आमचे मास्तर राजरोस लोकांना टोप्या घालतात," हा विनोद शेजारच्या टेबलावरचा पायवाला वीस वर्षं करत होता आणि मास्तर वीस वर्षं हसत होते.

हाताला मात्र तोड नव्हती. रडणाऱ्या पोराच्या डोक्यावर आधी मऊ जाळीचा मोजा चढवायचा, मग कोमट पाण्यातून काढलेल्या प्लास्टरच्या पट्ट्या. पोराला दुसरा हुंदका येईपर्यंत साचा सुटलेला. त्या साच्यात प्लास्टर ओतलं की बाळाचं डोकं जसंच्या तसं टेबलावर. मग मास्तर चपट्या जागी थोडं थोडं प्लास्टर चढवत ते गोल करत आणि त्या गोल डोक्यावर टोपी बेतत. म्हणजे खऱ्या डोक्याच्या चपट्या बाजूला टोपीत पोकळी राहते आणि वाढतं डोकं तिकडे भरत जातं. वाढतं, हे महत्त्वाचं. वर्ष उलटलं की वाढ मंदावते. मग टोपी घाला नाहीतर पातेलं घाला, सारखंच.

डोळ्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. दोन वाकड्या दांड्यांचं मापाचं हत्यार होतं, त्याला ते चिमटा म्हणत. डोक्याची दोन तिरकी मापं घ्यायची आणि दोन्हींतला फरक बघायचा. बारा मिलिमीटरच्या वर गेला की टोपी, चर्चा नाही. एक चिमटा टेबलावर, एक घरी न्यायच्या पिशवीत. बाळाबरोबर हमखास एखादी आजी यायची आणि म्हणायची, "अहो, बसायला लागलं की होईल गोल. आमची सगळी अशीच वाढली." तिला मास्तर फाडकन सांगत, "आजी, डोळा लाडावलेला असतो, चिमटा नसतो. प्रेम घरी करा, माप इथे घेऊ." आया मनातून खूश होत.

आणि मग त्यांच्या लेकीला मुलगी झाली.

लेक मास्तरांच्याच इमारतीत दोन मजले खाली राहायची. नात पाच महिन्यांची असताना ती तिला घेऊन वर आली. "बाबा, हिचं डोकं मागून उजवीकडे चपटं वाटतंय. एकदा मोजता का?"

मास्तरांनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला. पिशवी खुंटीला होती, तीन पावलांवर. "अगं, रोज दहा वाकडी डोकी बघतो मी. त्यांच्यापुढे हे काहीच नाही. बसायला लागली की होईल गोल."

आपण कोणाचं वाक्य बोललो, हे त्यांना कळलंसुद्धा नाही. की कळलं होतं? मला तर वाटतं, माणूस भ्याला होता. मास्तरच्याच घरात टोपी, म्हणजे पायवाल्याला पुढची वीस वर्षं पुरेल इतका मालमसाला. आणि लोकांच्या पोरांची डोकी ज्या फळीवर नंबर टाकून ठेवायची, तिथे आपल्या नातीचं? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय.

सातव्या महिन्यात लेकीने पुन्हा विचारलं. नवव्या महिन्यात विचारलं तेव्हा मास्तर भडकले. "वीस वर्षं हेच करतोय. आता तू मला शिकवणार?" बाप त्यातला जाणकार असताना दुसऱ्याकडे कशाला जायचं, म्हणून लेक कुठेही गेली नाही. तिने बापावर विश्वास ठेवला. एवढाच तिचा गुन्हा.

तेराव्या महिन्यात उकाडा फार होता, म्हणून नातीचे केस बारीक कापले. मास्तर तिला अंघोळ घालत होते. ओलं डोकं त्यांनी प्रथमच वरून बघितलं, टेबलावरचं प्लास्टरचं डोकं बघतात तसं. उजवा कान डाव्यापेक्षा बोटभर पुढे आला होता. पाणी तसंच वाहत ठेवून ते उठले आणि पिशवीतून चिमटा काढला. सतरा.

टोपी त्यांनी केली. आयुष्यातली सर्वांत सुबक टोपी. नात आता चालत होती, दोन्ही हातांनी ती उपटून फेकत होती. चार महिन्यांत सतराचे पंधरा झाले आणि तिथेच थांबले. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, आता पुरे. तब्येतीला काही धोका नाही, दिसण्यातला फरक तेवढा राहील. लवकर यायचं होतं, हे मी तुम्हाला काय सांगू?" लेक भांडली असती तर बरं झालं असतं, पण ती नुसती मुलीला कडेवर घेऊन जिना उतरून गेली. त्यानंतर तिने बापाला कधी काही विचारलं नाही.

परवा सहा वर्षांच्या त्या नातीला चष्मा लागला. दुकानदाराने दोनदा बसवला, तरी नाकावर तिरकाच. एक कान पुढे, एक मागे, चष्मा तरी काय करणार? मास्तरांनी त्याची दांडी गरम पाण्यात धरून हळूच वाकवली. हात अजून तसाच होता. चष्मा सरळ बसला.

"आजोबा, चष्माच वाकडा होता ना?"

"हो गं बाई, चष्माच."

"वर्गातल्या मुली म्हणतात, माझं डोकं वाकडं आहे."

"छे! मी बघतोय ना. एकदम गोल आहे."

लेक दारात उभी होती, मुलीला न्यायला आलेली. आवाज न चढवता ती म्हणाली, "पिशवी खुंटीलाच आहे, बाबा. मोजून सांगा तिला."

मास्तर जागचे उठले नाहीत.